गूढकथेसाठी मदत हवी: शाप ठेवू की फॉस्फरस?

निशाचर
मंडळी, एका दिवाळी अंकाला गूढकथा द्यायचं कबूल करून बसलोय आणि कथा मध्येच रुतली आहे. इथं रसायनवाले, इतिहासवाले, जर्मनीवाले सगळेच असतात, म्हणून धागा काढतोय.

कथेत एक वस्तू आहे. दिसायला तृणमणी, म्हणजे दागिन्यात असतो तो अ‍ॅम्बर. मधाच्या रंगाचा, बोराएवढा. नायकाचे वडील सत्तरच्या दशकात छपाईयंत्रं शिकायला पूर्व जर्मनीत लायपझिगला गेलेले असतात. सुट्टीत बाल्टिक समुद्रावर उझेडोम बेटावर जातात, तिथं वाळूत हा खडा सापडतो. तो जो कोणी छातीशी बाळगेल तो जळतो, अशी कल्पना.

बेट उगाच निवडलेलं नाही. त्याच्या उत्तर टोकाला पेनेमुंडे आहे, जिथं जर्मनांनी व्ही-२ रॉकेट तयार केलं. १७ ऑगस्ट १९४३ च्या रात्री ब्रिटिशांनी ५९६ विमानं पाठवून तिथं बॉम्बफेक केली. पौर्णिमेच्या आसपासची रात्र मुद्दाम साधली होती. खुणेचे दिवे टाकणाऱ्या विमानांचा सुरुवातीला अंदाज चुकला आणि बऱ्याच बॉम्बांचा मारा दक्षिणेला ट्रासेनहाइडे इथल्या मजुरांच्या छावणीवर झाला. पाचशेच्या वर वेठबिगार मजूर गेले, त्यांत पोलिश बरेच. माझ्या कथेत त्यांचे आत्मे त्या खड्यात अडकले आहेत.

दोन प्रश्न. एक, अशी वस्तू पटते का? दोन, ती भारतात आल्यावर पुढं काय करावं? सध्या ती कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये शोकेसमध्ये पडून आहे आणि मला काही सुचत नाहीये.

हेस्सेकर
निशाचर, खडा खरा आहे. आत्मे सोडून बाकी सगळं.

उझेडोमला आणि एकूणच बाल्टिकच्या किनाऱ्यावर दरवर्षी याबद्दल बजावलं जातं. पेनेमुंडेवर टाकलेल्या आगबॉम्बांतला काही माल समुद्रात पडला. त्यातला पांढरा फॉस्फरस अजून लाटांबरोबर वाळूत येतो. पिवळसर, मेणचट, थोडा पारदर्शक. थेट अ‍ॅम्बर. वादळानंतर लोक अ‍ॅम्बर वेचायला जातात, तेव्हाच हाही येतो. ओला आहे तोवर निपचित. खिशात टाकला, वाळला, अंगाची ऊब लागली की पेटतो. मांडीवर खोल भाजलेली माणसं आहेत. २०१७ मध्ये हांबुर्गजवळ वेडेल इथं एल्बे नदीच्या काठावर एका बाईंनी असाच खडा उचलून जॅकेटच्या खिशात ठेवला होता. जॅकेट काढून ठेवलं होतं म्हणून त्या वाचल्या, पेटलं ते जॅकेट.

म्हणून तिकडं सांगतात की वेचलेलं काहीही पँटच्या खिशात घालू नका, पत्र्याच्या डबीत ठेवा.

एक तपशील सुधारा. पेनेमुंडे पूर्व जर्मनीच्या काळात लष्कराच्या ताब्यात होतं, १९९० पर्यंत सामान्य माणसाला आत जाता येत नसे. वडिलांना त्सिनोवित्झच्या किनाऱ्यावर पाठवा. कामगारांच्या सुट्टीसाठी प्रसिद्ध जागा होती, तिथं एखादा भारतीय प्रशिक्षणार्थी जाणं सहज पटेल.

वऱ्हाडी ठेचा
बाप रे. वाचूनच खिसे चाचपले.

रसायनी
हेस्सेकरांनी मूळ सांगितलंच आहे, मी शाळेत तीस-एक वर्षं रसायन शिकवलेली बाई, तेव्हा थोडं पुढचं सांगते.

पांढरा फॉस्फरस दमट हवेत ३० अंशांच्या आसपास आपोआप पेट घेतो. जळताना तापमान १३०० अंशांच्या घरात जातं, दाट पांढरा धूर येतो. पाणी ओतलं की विझतो, पाणी वाळलं की पुन्हा पेटतो. हा त्याचा सगळ्यात घातक भाग. म्हणून प्रयोगशाळेत तो कायम पाण्याखाली ठेवायचा, कापायचा तोही पाण्याखालीच. आमच्या कॉलेजात जुन्या काळी बाटलीत बुडवलेल्या कांड्या असायच्या आणि सर स्वतः चिमट्याने काढायचे, आम्हाला हात लावू देत नसत. विषारीही आहे. शंभर मिलिग्रॅमहून कमी पोटात गेला तरी माणूस दगावू शकतो.

आता तुमच्या कथेतली अडचण. वडिलांनी खडा कोरडा आणला तर तो लायपझिगपर्यंतही पोचणार नाही. आणि शोकेसमध्ये उघडा ठेवलात तर पुण्याच्या पहिल्याच एप्रिलमध्ये कथा संपली. छातीशी धरायलाही कोणी नको.

तेव्हा तो पाण्यात यायला हवा. वडिलांनी लहान मुलासाठी काचेच्या बरणीत बाल्टिकचं पाणी, चार शिंपले आणि हा 'तृणमणी' असं आणलं तर? समुद्राची आठवण म्हणून. झाकण घट्ट. त्या काळी सामानात कोण बघत होतं.

निशाचर
रसायनी ताई, साष्टांग नमस्कार. बरणी! म्हणजे पाण्याची पातळी हीच वात. दरवर्षी बोटभर खाली.

पण मग आत्म्यांचं काय?

अबोली
त्यांना राहू द्या ना निवांत.

निशाचर, रागावू नका, पण मला ही कल्पना पहिल्यापासून खटकतेय. ट्रासेनहाइडेतले लोक कोण होते? मारून मुटकून कामाला लावलेले. ज्यांच्यासाठी राबत होते त्यांनी कुंपणात ठेवलं, आणि ज्यांच्याकडून सुटकेची आशा होती त्यांचेच बॉम्ब डोक्यावर पडले. पेनेमुंडेत काय चाललंय ही बातमी लंडनपर्यंत पोचवणाऱ्यांत तिथं राबणारे परदेशी मजूरही होते. अशा माणसांना मेल्यावर तुम्ही सूडाची पिशाच्चं करणार, आणि ती जाळणार कोणाला? तर छपाईयंत्र शिकायला गेलेल्या पुण्याच्या माणसाच्या नातवाला. त्याचं त्यांनी काय घोडं मारलंय?

आपल्याकडे वाड्यात कोणी मेलं की मुंजा, विहिरीत मेलं की हडळ, हे ठीक आहे, त्या गोष्टींना त्यांचं त्यांचं गाव असतं. इथं गाव दुसऱ्याचं, मेलेले दुसऱ्याचे, आणि भीती आपल्या वाचकाला विकायची.

निशाचर
अबोली, मुद्दा पोचला. पण लेखक म्हणून माझी अडचण बघा. गूढकथेत वाचक विचारतो, 'यालाच का?' शाप असला की उत्तर असतं. पूर्वजांचं पाप, मोडलेला शब्द, काहीतरी. नुसत्या फॉस्फरसने पेट घेतला तर ती वर्तमानपत्रातली पाचव्या पानावरची बातमी झाली. कथा कुठं आहे त्यात?

क्षकिरण
'यालाच का' याला उत्तर नसणं हेच जास्त भयानक असतं. एक उदाहरण देतो, तेही बॉम्बचंच.

अमेरिकेत लॉस अलामॉसला, जिथं अणुबॉम्ब तयार झाला त्या प्रयोगशाळेत, प्लुटोनियमचा एक गोळा होता. ६.२ किलो, मुठीत मावेल असा, व्यास ८९ मिलिमीटर. नागासाकीनंतर जपानवर तिसरा बॉम्ब पडला असता तर त्यात हाच गेला असता. १५ ऑगस्टला जपानची शरणागती जाहीर झाली आणि गोळा तिथंच राहिला. सहा दिवसांत, २१ ऑगस्ट १९४५ ला, हॅरी डॅघलियन नावाचा तरुण भौतिकशास्त्रज्ञ रात्री एकटा त्यावर प्रयोग करत होता. गोळ्याभोवती टंगस्टन कार्बाइडच्या विटा रचायच्या, न्यूट्रॉन परत आत फिरवायचे, साखळी प्रक्रिया सुरू होण्याच्या किती जवळ जातो ते मोजायचं. शेवटची वीट हातातून निसटून गोळ्यावर पडली. त्या किरणोत्सर्गाने १५ सप्टेंबरला तो गेला.

पुढच्या वर्षी लुई स्लोटिन. तोच गोळा. यावेळी बेरिलियमच्या दोन वाट्या, आणि वरची वाटी खालच्या वाटीवर पूर्ण टेकू नये म्हणून मध्ये स्क्रूड्रायव्हरचं टोक! नियमाप्रमाणे अडकण लावायची असते, ती याने काढून ठेवलेली. हे तो अनेकदा करून दाखवायचा. एन्रिको फर्मी या बड्या भौतिकशास्त्रज्ञाने त्याला बजावलं होतं की असंच चालू ठेवलंस तर वर्षभरात मरशील. स्क्रूड्रायव्हर सटकला, निळा प्रकाश चमकला, स्लोटिनने वरची वाटी हाताने उडवून लावली. खोलीत आणखी सात जण होते. नऊ दिवसांनी तो गेला. अपघाताची तारीख २१ मे १९४६.

दोन्ही वेळा २१ तारीख, दोन्ही वेळा मंगळवार. नंतर गोळ्याला 'डेमन कोअर', म्हणजे सैतानी गाभा, हे नाव पडलं. आपल्याकडे असता तर शांत केली असती.

पण त्यात भूत नव्हतं हो. तो गोळा बनवलाच अशा बेताने होता की जरा धक्का लागला की पुरे. कोणावर त्याचा राग नव्हता. नंतर वितळवून इतर साठ्यात मिसळून टाकला, विषय संपला. निशाचर, तुमच्या खड्यालाही 'का' विचारू नका, 'कधी' विचारा.

जुनी गोदी
आमच्या मुंबईची आठवण कोणी काढत नाही म्हणून मीच काढतो. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकिन जहाज. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, वर कापसाच्या गाठी, आणि सोन्याच्या विटा. दुपारी आग लागली, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट. हादरा शिमल्याच्या वेधशाळेत नोंदला गेला. लोकांना वाटलं जपान्यांनी बॉम्ब टाकले. पेटत्या गाठी मांडवी, मशीद बंदर भागात घरांवर पडल्या. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, अजूनही १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. एक सोन्याची वीट गिरगावात एका पारशी गृहस्थांच्या सज्जात येऊन पडली, त्यांनी ती इमानदारीने परत केली. गोदीतला गाळ काढताना पुढं कित्येक वर्षं विटा निघत राहिल्या.

निशाचर, सोन्याची वीट घ्या. आपल्या घरची गोष्ट होईल.

अबोली
काका, ती बॉम्बफेक नव्हती, आणि सोन्याच्या विटेला घाबरतंय कोण? मी तर शोधायला निघेन.

वऱ्हाडी ठेचा
+१. विटेवर वेगळा धागा काढा काका, लगेच वाचू.

निशाचर भाऊ, आता माझं ऐका. ते कोथरूड सोडा आणि बरणी घेऊन अकोल्याला या राजेहो. तुमच्या पुण्यात चाळीस झालं की बातमी होते. इकडं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं गेला तरी माणूस म्हणते, 'आज जरा बरं हाय'. आमच्या आजोबाच्या घरी वरचा माळा टिनाचा. दुपारी तिथं हात लावाल तर पत्रा चटका देते, उन्हाळ्यात वर ठेवलेल्या मेणबत्त्या वाकून जातात. तिथं ठेवा बरणी. मग पाहू तुमचा खडा काय करते ते.

रसायनी
ठेचा, तुम्हाला माहीत आहे का तुम्ही काय सांगून गेलात?

पांढरा फॉस्फरस ४४.१ अंशाला वितळतो!

म्हणजे बरणी टिनाच्या माळ्यावर असेल तर मे महिन्यात खडा पाण्याखाली वितळेल. पेटणार नाही, वर पाणी आहे ना. तळाशी पिवळ्या तेलासारखा थेंब होऊन बसेल, शिंपल्यांच्या फटीत शिरेल. मग पावसाळ्यात गार होऊन थिजेल. पुढच्या वर्षी बरणी उघडून बघितली तर खडा बोरासारखा राहिलेला नसेल. तळाच्या आकाराचा चपटा, अंगावर शिंपल्याच्या रेघा उमटलेला. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी वेगळा. दरवर्षी आकार बदलणारा दगड, आणि घरात कोणी त्याला हात लावलेला नाही!

माळ्यावर अंधार असतो हेही बरंच. उजेडात ठेवला तर फॉस्फरस हळूहळू तांबडा होत जातो आणि तो तांबडा प्रकार एवढा तापट नसतो, आपल्या काडेपेटीच्या कडेला असतो तो. शोकेसपेक्षा माळा रसायनाच्या दृष्टीनेही योग्य.

आणि शिंपले. पाण्यात विरघळलेल्या हवेशी फॉस्फरस सावकाश झगडतच असतो, त्यातून पाणी आंबट होत जातं, आम्ल तयार होतं. शिंपला म्हणजे चुना. त्याची चमक जाईल, कड खरबरीत होईल, वर पांढरी पूड धरेल. घरातल्या कोणाला वाटेल समुद्राचं पाणी नासलं.

एक सूट कथेला दिली आहे: ब्रिटिशांच्या तीस पौंडी आगबॉम्बात फॉस्फरसबरोबर रबर आणि बेंझॉलचा चिकट लगदाही असायचा. तुमचा खडा मी शुद्ध धरतेय.

निशाचर
हे वाचून मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

ताई, अजून एक. पाणी आटून खड्याचं टोक हवेत उघडं पडलं तर लगेच पेटेल, की आधी काही खूण देईल? मला कथेत खूण हवी आहे. वाचकाला कळावी, पात्रांना कळू नये.

रसायनी
तापमानावर आहे. थंडीत, किंवा झाकण घट्ट असून आत हवा कमी असली तर लगेच नाही पेटणार. धुमसेल. दोन खुणा. अंधारात फिकट हिरवट उजेड, अगदी मंद, डोळे अंधाराला सरावल्यावरच दिसेल असा. हांबुर्गमध्ये १६६९ साली हेनिंग ब्रांडने लघवी आटवून आटवून फॉस्फरस पहिल्यांदा काढला तेव्हा त्याला हाच उजेड दिसला होता. सोनं करायला बसला होता बिचारा. आणि पुढं १९४३ च्या जुलैत तेच हांबुर्ग बॉम्बफेकीत जळलं, फॉस्फरसचे बॉम्बही त्यात होतेच. असो, विषयांतर.

दुसरी खूण वास. लसणासारखा.

अबोली
लसणासारखा?

मग चातुर्मास घ्या! आजी कडक. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत घरात कांदा-लसूण बंद. आणि माळ्यावरून लसणाचा वास येतोय. आजीचा सगळा संशय सुनेवर. चोरून फोडणी घालते म्हणून. सून शपथा घेतेय, आजी डबे उघडून बघतेय, मुलगा मध्ये सापडलाय. घरात महिनाभर लसणावरून धुसफूस आणि वर बरणी.

हे आत्म्यांपेक्षा कितीतरी पटीने बरं. आणि तुमच्या 'यालाच का' ला इथं उत्तरही लागत नाही. घरात एकजणही वाईट नाही, सगळे आपापल्या परीने वागतायत.

वऱ्हाडी ठेचा
अबोली ताई, तुम्हीच लिहून टाका कथा.

आमच्या आजीनं खरंच एकदा अशाच वासावरून शेजारणीशी चार महिने अबोला धरला होता. निघाला गॅसचा पाइप. गॅसला वास मुद्दाम घालतात म्हणे, तो तिला लसणाचा वाटला.

हेस्सेकर
मी बॉम्बांच्या गावात राहतो म्हणून माझा एक आग्रह. वाट बघणं हे नीट येऊ द्या कथेत. इथं ते रोजचं आहे.

२०१७ च्या सप्टेंबरात आमच्या फ्रँकफुर्टला विद्यापीठाजवळ इमारतीच्या पायाच्या खोदकामात १.८ टनांचा ब्रिटिश बॉम्ब निघाला. रविवारी साठ हजारांवर लोक घराबाहेर. दोन हॉस्पिटलं रिकामी केली, पाळण्यातली बाळं काचेच्या पेटीसकट हलवली. जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचं सोनं ठेवलेली इमारत त्याच पट्ट्यात. आम्ही पासपोर्ट, बायकोचं मंगळसूत्र आणि डब्यात पुलाव घेऊन ऑफेनबाखला मित्राकडे पडलो. काही लोक घर सोडायला तयार नव्हते, पोलीस त्यांना बाहेर काढेपर्यंत काम सुरूच होईना. संध्याकाळी निरोप आला, झालं, या परत. सोमवारी सगळे ऑफिसात, बोलणं फुटबॉलवर.

पण खरी वाट बघणारी वस्तू म्हणजे ओरानिएनबुर्गची. बर्लिनच्या उत्तरेला. तिथं युरेनियमवर प्रक्रिया करणारा कारखाना होता, तो रशियनांच्या हाती लागू नये म्हणून १५ मार्च १९४५ ला अमेरिकनांनी तो झोडपला. त्यातल्या पुष्कळ बॉम्बांना उशिरा फुटणारी कळ होती. कळीत काचेची कुपी, कुपीत अ‍ॅसिटोन. हो, नेलपॉलिश पुसायचं तेच. बॉम्ब पडला की कुपी फुटते, अ‍ॅसिटोन सेल्युलॉइडच्या चकत्यांवर ठिबकतो, चकत्या विरघळल्या की अडवून धरलेली टाचणी सुटते. तासाभरात नाहीतर काही दिवसांत फुटावा असा हिशेब. पण तिथली जमीन मऊ. बॉम्ब आत शिरून वळण घेऊन तोंड वर करून थांबले. अ‍ॅसिटोन चकत्यांवर पडण्याऐवजी दुसरीकडे ओघळला, नुसती वाफ लागत राहिली. चकत्या आता वयाने ठिसूळ होतायत. म्हणजे बॉम्ब जितका जुना तितका जास्त धोक्याचा. ग्योटिंगेनला २०१० मध्ये असाच उशिराच्या कळीचा बॉम्ब निकामी करायच्या तयारीत असताना फुटला, तीन तज्ज्ञ गेले.

निशाचर, तुमच्या बरणीचं झाकण तेच काम करतंय. रबराची चकती वाळून तडकतेय, कोणाला दिसत नाही.

निशाचर
हेस्सेकर, झाकणाची चकती घेतली. शाप सोडला. अबोली, तुम्ही जिंकलात, पण अर्धंच. ट्रासेनहाइडे कथेत राहणार. नातू इंटरनेटवर शोधताना त्याला त्या रात्रीची माहिती मिळते एवढंच, दीड परिच्छेद, आत्मे नाहीत.

सकाळी एक तुकडा लिहिला, टाकतोय. फोडा.

"दिवाळीच्या साफसफाईला सुमन माळ्यावर चढली तेव्हा बरणी जुन्या सतरंजीखाली होती. तिनं ती उजेडाला धरली. मामंजींचा समुद्र. लग्न होऊन आली तेव्हा शिंपले गुलाबी होते, आता भाकरीच्या पिठात लोळवल्यासारखे. खडा तळाला चिकटून बसला होता, रुपयाएवढा रुंद, वरची कड पाण्याच्या किंचित वर. झाकण तिनं उघडलं नाही. नाकाला वास आला तशी मात्र ती थबकली, आणि जिन्याखाली बघून मोठ्यानं म्हणाली, 'आई, या वर. तुमचा लसूण सापडला.'"

अबोली
'तुमचा लसूण सापडला' झकास. सुमनचा चार महिन्यांचा राग त्या एका वाक्यात आहे.

शेवट काय? पेटतो का?

निशाचर
तेच ठरत नाहीये. संपादकांना स्फोट हवा आहे. दिवाळी आहे, अंगणात फटाके, कोणाला कळणारही नाही आग कशाची. पण मला वाटतं आजी बरणी घेऊन मोरीत जाते आणि 'नासलं' म्हणून पाणी ओतायला वाकते, तिथं थांबावं.

रसायनी
मोरीत थांबलात तर रसायन तुमच्या बाजूने आहे. मोरी ओली असते. पाणी ओतलं तरी खडा ओलाच राहतो, काही वेळ काही होत नाही. वाचक धरून बसेल आणि आजी त्यावर तांब्या उपडा घालून फराळाला निघून जाईल. दिवाळीत अकोल्यात दुपारी ३० अंश असतातच. मी तर म्हणेन आग दाखवूच नका.

फक्त एक करा. 'आजीनं खडा उचलून दाताने चावून बघितला' वगैरे लिहू नका, पहिल्या खर्ड्यात तुम्ही लिहाल असं मला वाटतंय. तसं केलं तर कथा तिथंच हॉस्पिटलात जाते.

क्षकिरण
आणि नातवाला काहीतरी कळू द्या. त्याला कोणी तरी अ‍ॅम्बर ओळखायची मिठाच्या पाण्याची युक्ती सांगितलेली असू दे. ग्लासभर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे मीठ घातलं की खरा अ‍ॅम्बर तरंगतो. हा बुडेल, याची घनता जवळजवळ १.८. तो बरणीत मीठ टाकून बघतो, खडा जागचा हलत नाही. पोरगं म्हणतं, 'आजोबा फसले', आणि बरणी परत माळ्यावर. धोक्याच्या एवढं जवळ जाऊन चुकीचा निष्कर्ष.

निशाचर
हे घेतलं. आजोबांना बाजारात फसवलं असं घरच्यांना वाटणं, ही तर कौटुंबिक गंमत म्हणून वर्षानुवर्षं चालेल. दर दिवाळीला कोणीतरी चिडवणार.

हेस्सेकर
तेवढं त्सिनोवित्झ नीट लिहा. छापताना 'झिनोविट्झ' करतील.

वऱ्हाडी ठेचा
आणि अकोला अकोलाच राहू द्या, 'विदर्भातलं एक गाव' करू नका. अंक कोणता ते सांगा, दोन प्रती घेतो. एक आजीला वाचून दाखवतो, लसणाच्या पानावर काय म्हणते ते इथं येऊन सांगीन.

जुनी गोदी
गोदीच्या सोन्याचा वेगळा धागा काढला आहे. इथं आलेल्यांनी तिकडंही यावं. पहिल्या प्रतिसादात पारशी गृहस्थांच्या विटेचं वजन दिलंय, २८ पौंड. सज्जा कसा टिकला हा माझा प्रश्न आहे, कोणी बांधकामवाले असतील तर सांगा.